न्हाणं, खेळ आणि झोप



ज्या बाईंच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं सारं आयुष्य बालवाडीत गेलं. बालवाडीच्या उंबऱ्यात पाऊल टाकणारं तीन वर्षांचं मूल कोऱ्या पाटीसारखं नसतं. ते घरून पुष्कळ काही शिकून आलेलं असतं. कुठे शिकलं, कोणाकडून शिकलं, याकडे आपलं लक्ष क्वचितच जातं. म्हणून आज मी त्या आधीच्या काळाबद्दल बोलणार आहे, आणि त्यातही पहिल्या वर्षाबद्दल.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. ओपीडीत तान्ह्या बाळांच्या आयांकडून दोन प्रश्न वरचेवर येतात. पहिला, ‘डॉक्टर, बाळ झोपतच नाही हो.’ दुसरा, ‘त्याच्या मेंदूच्या वाढीसाठी कोणती खेळणी आणू?’ आया हे प्रश्न वेगवेगळे विचारतात. माझ्या मते तो एकच प्रश्न आहे. बाळाचा जागेपणा कसा जातो आणि त्याची झोप कशी होते, या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत. आणि या दोन्हींसाठी घरात जे लागतं ते दुकानात मिळत नाही. त्यासाठी एक माणूस लागतो, आणि त्या माणसाला वेळ लागतो. हा वेळ कोणाला मिळतो आणि कोणाला मिळत नाही, हे मी शेवटी बोलेन, कारण मला सर्वात जास्त कळकळ त्याची आहे.

आधी बाळाकडे पाहू. स्पर्श हा गर्भात सर्वात आधी जागा होणारा संवेद. त्यामागून चव आणि वास येतात. शेवटच्या तिमाहीत गर्भाला ऐकू येत असतं. १९८० मध्ये अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर यांनी दाखवलं की जेमतेम तीन दिवसांचं बाळसुद्धा परक्या बाईच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून चोखण्याची लय बदलतं. डोळे मात्र सर्वात मागे असतात. नवजात बाळाला वीस-तीस सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात स्पष्ट दिसतं. मांडीवर घेऊन पाजताना आईचा चेहरा बरोबर तितक्याच अंतरावर येतो.

ऐकण्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण तिच्यात आपले वर्ण आहेत. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी घरांतली बाळं घेतली आणि त्यांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला या दोन ध्वनींतला फरक सहसा कळत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या त्या बाळांना तो कळत होता. दहा ते बारा महिन्यांपर्यंत ती क्षमता बरीचशी ओसरली. म्हणजे बाळ येतं ते कुठल्याही भाषेसाठी तयार होऊन, आणि पहिल्या वर्षात घरातल्या आवाजांप्रमाणे आपला कान घडवून घेतं. घरात कोणी त्याच्याशी बोललंच नाही, तर कान कशावर घडणार?

आता न्हाणं. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण संवेदनांच्या खेळाचा आपल्याकडे शतकानुशतकं रोज चालत आलेला वर्ग म्हणजे बाळाचं न्हाणं, आणि आपण त्याला आंघोळ समजून बसलो आहोत.

डोळ्यांसमोर आणा. न्हाऊ घालणाऱ्या मावशी पाटावर पाय लांब करून बसतात. बाळ त्यांच्या पायांवर उताणं. कोमट केलेलं तेल, कोकणात खोबरेल, देशावर कुठे तिळाचं. छातीवरून बाहेरच्या बाजूला, पोटावरून गोल, हातापायांवरून खाली. मग बाळाला पालथं केलं जातं. बाळ मावशींच्या पायांवर पोटावर पडतं, मान उचलायला धडपडतं, पुन्हा टेकवतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांच्या हालचाली, बैठं राहणं आणि झोप याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. अजून रांगू न लागलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान तीस मिनिटं पोटावर ठेवा, असं त्यांत म्हटलं आहे. त्यातला मोठा हिस्सा आपल्याकडे मावशींच्या पायांवर होऊन जात असे. पुढे डाळीचं पीठ आणि साय, त्यांचा खरखरीत आणि मऊ स्पर्श. तांब्यातून पडणारं ऊन पाणी, त्याचा आवाज. मधून मधून बाळाला उचलणं, फिरवणं, आडवं धरणं, म्हणजे कानातल्या तोलाच्या यंत्रणेला काम. आणि या सगळ्याबरोबर मावशींचं अखंड बोलणं, बाळाच्या नावानं, बाळाच्या बापाच्या नावानं, आल्यागेल्याच्या नावानं. नंतर कोरडं करून दुपट्यात गुंडाळायचं आणि पदराखाली घ्यायचं. पोट भरलं की बाळ जे झोपतं ते दोन-तीन तास हलत नाही. न्हाण्यानंतरची ही झोप ज्या घरानं पाहिली नाही असं घर विरळा.

ही झोप का येते? त्वचेत, विशेषतः लव असलेल्या त्वचेत, काही अतिशय बारीक मज्जातंतू असतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी त्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. हे तंतू टोचण्याला किंवा जोरात दाबण्याला फारसे जुमानत नाहीत. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर इतक्या संथ गतीनं, अंगाच्या उबेचा हात फिरला की ते सर्वात जास्त जागे होतात. त्यांचा संदेश मेंदूच्या, भावना आणि स्वास्थ्य यांच्याशी जोडलेल्या भागांकडे जातो. बाळाच्या पाठीवरून नकळत फिरणारा आईचा हात साधारण याच गतीनं फिरतो. तिला ही गती कोणी शिकवलेली नसते.

दिल्लीत डॉ. के. एन. अगरवाल आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. सुमारे सहा आठवड्यांची १२५ निरोगी बाळं घेतली, वेगवेगळ्या तेलांचे गट केले, एक गट मालिशीविना ठेवला, आणि चार आठवडे पाहिलं. मालिश झालेल्या बाळांची वाढ बरी झाली, तिळाच्या तेलाच्या गटात ती सर्वात चांगली दिसली, आणि मालिशीनंतरची झोपही सुधारली. त्याही आधी, १९८६ मध्ये, मायामीत टिफनी फील्ड यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं, दहा दिवस मालिश केली. मालिश न केलेल्या बाळांपेक्षा या बाळांचं वजन रोज ४७ टक्के अधिक वाढलं. मला यातली दुसरी नोंद अधिक मोलाची वाटते. ही बाळं जागी असताना इतरांपेक्षा जास्त हालचाल करत होती, जास्त सावध होती. म्हणजे चांगला स्पर्श बाळाला नुसता गुंगवत नाही, तो त्याचा जागेपणाही उजळ करतो.

इथे मला प्रामाणिक राहिलं पाहिजे. निरोगी, पुऱ्या दिवसांच्या बाळांवरच्या मालिशीचे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले, तर पुरावा माफकच आहे. पुष्कळ अभ्यास लहान आहेत, काही सैल आहेत. मालिशीनं बाळ हुशार होतं किंवा हाडं लोखंडाची होतात, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ती बाळाला आवडते, आईला बाळ कळायला लागतं, रडणं आणि झोप यांना थोडा हातभार लागतो. रोजच्या एका गोष्टीकडून यापेक्षा अधिक मागायचं कारण नाही.

आणि परंपरेतलं सगळंच पत्करायचं नसतं. बाळाच्या नाकात-कानात तेल सोडू नका. ते श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया झालेली बाळं आम्ही डॉक्टर पाहतो. नवजात बाळाच्या छातीत गाठ लागते म्हणून ती पिळू नका, तिथे पू होतो. नाक ओढून सरळ होत नाही. काजळात शिसं असू शकतं. न्हाण्यानंतरची धुरी प्रेमानं दिली जाते हे मला ठाऊक आहे, पण तो धूर त्या इवल्या फुप्फुसांत जातो, तेव्हा ती बंद करा. मोहरीच्या तेलानं बाळाच्या त्वचेचं संरक्षक आवरण बिघडू शकतं, म्हणून ते नको. दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ताणून बांधू नका, खुब्याला मोकळीक हवी. जन्मल्याबरोबर आंघोळही नको, किमान २४ तास थांबा.

आपल्या न्हाण्याची कीर्ती कुठवर गेली, याची एक गोष्ट सांगते. फ्रेडरिक लबॉये हे फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ. कोलकात्यात पाय लांब करून बसलेली एक तरुण आई बाळाला तेल लावत असताना त्यांनी पाहिली. तिचं नाव शांतला. १९७६ मध्ये त्यांनी तिच्या मालिशीवर छायाचित्रांचं पुस्तक काढलं, तिचंच नाव देऊन. युरोपातल्या कित्येक आया त्यातून मालिश शिकल्या. शांतला तेव्हा हलाखीत राहत होती. ही वस्तुस्थिती त्या सुंदर छायाचित्रांइतकीच लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता झोपेकडे. १९५३ पर्यंत झोप म्हणजे मेंदूची विश्रांती, असा समज होता. शिकागोत झोपेचे अभ्यासक क्लाइटमन यांचा विद्यार्थी असेरिन्स्की झोपलेल्या बाळांच्या पापण्यांकडे तासन्‌तास बघत बसला. त्या निरीक्षणातून पुढे वाट निघाली आणि डोळे भराभर हलवणारी, मेंदू गजबजलेला असणारी झोप विज्ञानाला सापडली. नवजात बाळ दिवसाकाठी सोळा-सतरा तास झोपतं आणि त्यातला सुमारे निम्मा वेळ या चळवळ्या झोपेत असतं. झोपेत हसणारं, ओठ मुडपणारं, बोटं उडवणारं बाळ तुम्ही सर्वांनी पाहिलं आहे. आजी म्हणते, सटवाई हसवते. आयोवा विद्यापीठातले मार्क ब्लुमबर्ग यांनी उंदराच्या पिल्लांवर दाखवलं की झोपेतल्या या उडत्या हालचालींचे संदेश मेंदूपर्यंत जातात. हा हात, हे बोट, ते इथे आहे, अशी अंगाची ओळख मेंदू झोपेतही करून घेत असतो. बाळांतही अशाच हालचाली नोंदल्या गेल्या आहेत. म्हणजे संवेदनांचं शिक्षण झोपेतही थांबत नाही.

जागेपणी शिकलेलं टिकतंही झोपेमुळेच. २०१५ मध्ये जर्मनीत साबीने सीहागेन आणि सहकाऱ्यांनी सहा आणि बारा महिन्यांच्या बाळांना हातात घालायच्या एका बाहुलीबरोबर काही कृती करून दाखवल्या. त्यानंतर चार तासांच्या आत किमान अर्धा तास झोपलेल्या बाळांना त्या कृती आठवत होत्या, न झोपलेल्यांना नाही. म्हणून खेळाचा वेळ वाढवण्यासाठी बाळाची डुलकी तोडणाऱ्या आईला मी थांबवते. आणि दिवसा झोपू दिलं नाही म्हणजे रात्री चांगलं झोपेल, हा हिशेब तान्ह्या बाळाला लागू पडत नाही. अतिथकलेलं बाळ रडून हैराण होतं आणि घरालाही करतं.

रात्र आणि दिवस यांचं भान मात्र बाळाला जन्मतः नसतं. अंधारात वाढणारं आणि झोप आणणारं संप्रेरक, मेलाटोनिन, त्याची लय बसायला दोन-तीन महिने लागतात. इंग्लंडमधल्या इव्हॉन हॅरिसन यांच्या २००४ च्या अभ्यासात सहा ते बारा आठवड्यांची जी बाळं रात्री चांगली झोपत होती, त्यांना दुपारच्या सुरुवातीला अधिक प्रकाश मिळालेला आढळला. आपल्याकडे बाळंतिणीची खोली दिवसभर अंधारी ठेवायची आणि रात्री भेटायला येणाऱ्यांसाठी दिवा लखलखता, अशी उलटी पद्धत अजून आहे. दिवसा खिडकी उघडा. सकाळी, दुपारी घरातले आवाज होऊ द्या, कुकरची शिट्टी होऊ द्या. रात्री उजेड मंद, बोलणं हळू, लंगोट बदलताना खेळ नको. एवढ्यानं पुष्कळ फरक पडतो.

तरीही बाळ रात्री उठणारच. कॅनडातल्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या बाळांपैकी सुमारे ३८ टक्के आणि वर्षाच्या बाळांपैकी सुमारे २८ टक्के सलग सहा तास झोपत नव्हती. त्यांच्या विकासात कुठेही उणीव दिसली नाही. हे आकडे मी आयांना मुद्दाम सांगते. कित्येकींना वाटत असतं की आपलंच काहीतरी चुकतंय, शेजारणीचं बाळ तर रात्रभर झोपतं.

झोपवताना झुलवणं, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणं, हे सगळं चांगलं आहे. जपानमधल्या रिकेन संस्थेत कुमी कुरोदा यांच्या गटानं २०२२ मध्ये दाखवलं की रडणाऱ्या बाळाला कडेवर घेऊन पाच मिनिटं चाललं तर ते निवतं, पुष्कळदा झोपतं. मग लगेच खाली न ठेवता पाच-आठ मिनिटं तसंच घेऊन बसावं, म्हणजे ठेवताना जागं होत नाही. बाबांनो, हे काम तुम्ही उत्तम करू शकता. ठेवताना मात्र बाळ उताणं, अंथरूण सपाट आणि घट्ट, तोंडाजवळ उशी-गोधडी नको. साडीच्या झोळीत बाळ वाकतं आणि हनुवटी छातीला लागून श्वास कोंडू शकतो, म्हणून झोळीतलं बाळ नजरेआड करू नका.

आता खेळ. जर्मन-अमेरिकन डॉक्टर पीटर वुल्फ यांनी १९५९ मध्ये नवजात बाळांच्या अवस्था तासन्‌तास निरखून लिहून ठेवल्या. गाढ झोप, चळवळी झोप, गुंगी, रडणं, आणि एक शांत जागेपणा. या शांत जागेपणात डोळे चमकदार आणि उघडे असतात, हातपाय स्थिर असतात, बाळ टक लावून बघतं. खेळण्याची वेळ ती. पहिल्या आठवड्यांत ती एका वेळी काही मिनिटांचीच असते. मग बाळ मान फिरवतं, जांभई देतं, उचकी लागते, पाठ ताणतं. ते सांगत असतं की पुरे झालं. पुष्कळ हौशी पालक इथे खुळखुळा अधिकच जोरात वाजवतात. बाळानं मान फिरवली की थांबायचं. ते पुन्हा वळून बघेल तेव्हा पुन्हा सुरू करायचं. पहिल्या वर्षातल्या खेळाचा मला माहीत असलेला हा एकमेव नियम आहे, आणि तो पाळला की झोपेच्या निम्म्या तक्रारी कमी होतात, कारण बाळाच्या अंगात न मावणारी खळबळ साठत नाही.

आपल्याकडचे मांडीवरचे खेळ हा नियम कसा पाळतात पाहा. तळहातावर बोट टेकवून मोराला बोलवायचं, खाऊ वाटायचा, मग दोन बोटं मनगटावरून, कोपरावरून चालत चालत काखेपर्यंत न्यायची आणि गुदगुल्या. चार-पाच महिन्यांचं बाळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोटं कोपरापाशी पोचली की आधीच हसू लागतं. पुढे काय येणार हे त्याला कळलेलं असतं. स्पर्श, लय, ओळखीचा आवाज, ओळखीचा चेहरा आणि येणाऱ्याची चाहूल, हे सगळं एका मिनिटाच्या खेळात येतं. पदराआड तोंड लपवून ‘कुक’ करणंही तसंच. दिसेनासं झालेलं माणूस पुन्हा दिसतं, हा भरवसा रात्री आईपासून वेगळं झोपताना बाळाच्या उपयोगी पडतो असं माझं मत आहे. हे मत म्हणूनच सांगते.

खेळण्यांबद्दल एक जुना दाखला देते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, बाळाची खेळणी कशी असावीत ते सांगितलं आहे. रंगीबेरंगी, आवाज करणारी, दिसायला छान, जड नसलेली, टोकदार नसलेली, तोंडात जाणार नाहीत अशी, जिवावर न बेतणारी आणि भीती न वाटणारी. आजच्या खेळण्यांच्या सुरक्षा-नियमांतही यातलं पुष्कळ काही सापडतं. सावंतवाडीचा लाकडी खुळखुळा, पाळण्यावरचं चिमणाळं, स्टीलची वाटी आणि चमचा, धुतलेली कैरी, आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. सहा महिन्यांच्या बाळाला याहून जास्त लागत नाही. ‘तोंडात जाणार नाहीत अशी’ हे चरकाचं लक्षण मात्र विसरू नका. मनगटीचे सुटे काळे मणी, बटणं, शेंगदाणे घशात अडकलेली बाळं इस्पितळात येतात, आणि प्रत्येकाला वाचवता येत नाही.

मोबाइलबद्दल मला तुमच्याशी भांडायचं नाही, पण बोलायचं आहे. सिअ‍ॅटलमधल्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये एक प्रयोग केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांच्या एका गटाशी चिनी बोलणारी माणसं बारा वेळा येऊन खेळली, गोष्टीची पुस्तकं घेऊन बसली. या बाळांना चिनी ध्वनींतला फरक ओळखता येऊ लागला. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच शब्द पडद्यावर दाखवले. ती बाळं काहीच शिकली नाहीत. पडदा बाळाकडे बघत नाही, ते मान फिरवतं तेव्हा थांबत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको, हेही जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ च्या त्याच सूचनांत म्हटलं आहे. एक सवलत मी स्वतःहून देते. दुबईत किंवा न्यू जर्सीत असलेली लेक व्हिडिओ कॉलवर आपल्या आईला बाळ दाखवते आणि आजी इकडून ओवी म्हणते. तिथे दुसऱ्या बाजूला बाळाला उत्तर देणारं माणूस असतं. ते खुशाल चालू द्या.

माणसाच्या सहवासावरूनच अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांबद्दलही थोडक्यात. १९७०च्या दशकाच्या शेवटी कोलंबियात, बोगोटामध्ये, बाळांना उबेत ठेवणाऱ्या पेट्या कमी पडत होत्या म्हणून डॉ. एदगार रे यांनी अशी बाळं आयांच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली. तीच कांगारू मातृसेवा. २०२१ मध्ये पाच देशांतल्या इस्पितळांचा एक मोठा अभ्यास आला, त्यात दिल्लीचं सफदरजंग होतं. जन्मल्याबरोबर ही सेवा सुरू केली तर पहिल्या महिन्यातले मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले. आपल्या जिल्हा रुग्णालयांत आईची खाट नवजात कक्षात असली पाहिजे, अशी मागणी तुम्ही केली पाहिजे. ती खर्चाची मागणी नाही.

आता त्या वेळेबद्दल, जो मी शेवटासाठी ठेवला होता.

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या चाळींतली बाळंही झोपत असत. गिरणीत दहा-दहा तास काम करणाऱ्या आया त्यांना अफू देत. ‘बाळागोळी’ नावानं ती गोळी मिळत असे. १९२२ च्या सुमारास मुंबई सरकारसाठी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली. या स्त्रियांच्या जवळपास सगळ्याच बाळांना अफू दिली जाते, असं त्यांना आढळलं. त्या आया निर्दय नव्हत्या. बाळ झोपलं नाही तर कामावर जाता येत नव्हतं आणि कामावर गेलं नाही तर चूल पेटत नव्हती. मालिशीला, खेळाला, पाजायला लागणारा वेळ गिरणीनं घेतला होता, आणि त्याच्या जागी गोळी आली होती. १९२८ मध्ये प्रसूतीच्या काळात कामगार स्त्रियांना विश्रांती आणि भत्ता मिळावा, या विधेयकाला मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला, तो याच पार्श्वभूमीवर. १९२९ साली कायदा झाला. या विषयावरचा तो देशातला पहिला कायदा.

आज नोंदणीकृत नोकरीतल्या बाईला २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे, आणि पन्नास किंवा अधिक माणसं काम करतात तिथे पाळणाघर बंधनकारक आहे. पण आपल्या बहुसंख्य बाया अशा नोकरीत नाहीतच. त्या शेतात आहेत, बांधकामावर आहेत, घरकामाला जातात. बीडकडची जोडपी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. तान्हं बाळ फडाच्या कडेला झोळीत असतं, किंवा कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीपाशी, सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतं. त्या बाळाच्या आईला मी ‘शांत जागेपणी त्याच्याशी खेळा’ म्हणून सांगायचं, तर कोणत्या तोंडानं सांगायचं? पहाटे अंधारात ती फडात जाते, अंधार पडल्यावर येते, आणि बाळाच्या शांत जागेपणाच्या वेळी तिच्या हातात कोयता असतो.

अशा घरांतल्या मुलांची अडचण बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ओळखली होती. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात नेली पाहिजे. त्यातून अंगणवाडी आली. १९७५ मध्ये गांधी जयंतीला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिनं हे नाव देशभर नेलं. पण अंगणवाडीचं खेळाचं आणि शिकवण्याचं काम तीन वर्षांच्या पुढच्या मुलांभोवती राहिलं. तीनच्या आतलं मूल तिला वजनकाट्यावर आणि पोषण आहाराच्या पाकिटात भेटत राहिलं. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा काढला. घरी काय खेळायचं, कसं बोलायचं, याच्या कृती त्यात वयानुसार दिल्या आहेत. अंगणवाडीताईंनी गृहभेटीला जाताना तो बरोबर न्यावा. पण ताईंच्या खांद्यावर आधीच किती नोंदी आहेत हे मला ठाऊक आहे. वेळ त्यांनाही हवा, मदतनीस हवी, मानधन हवं.

आणि पाळणाघरं हवीत, जिथे आया काम करतात तिथे. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत एका बांधकामाच्या ठिकाणी तंबू ठोकून मजुरांच्या बाळांसाठी मोबाइल क्रेशेस सुरू केलं. पुढे ते काम मुंबईतही आलं. अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवायची ‘पालना’ योजनाही आज आहे. फडाजवळच्या पाळणाघराला फार काही लागत नाही. पक्कं छप्पर, स्वच्छ पाणी, सपाट अंथरुणं, दोन वेळा आईला येऊन पाजता येईल एवढं अंतर, आणि थोड्याच बाळांमागे एक, अशा त्याच ऊसतोड टोळीच्या भाषेत बोलणाऱ्या बाया. टोळीतल्या, कोयता झेपेनासा झालेल्या मोठ्या बायांनाच हे काम रोजावर देता येईल. न्हाऊ घालणं, मांडीवरचे खेळ, झोपवणं, हे त्यांना कोणी शिकवायला नको. नाकात तेल घालू नका, झोळीवर लक्ष ठेवा, ही चार-सहा पथ्यं तेवढी सांगायची. असं झालं तर ती सात-आठ वर्षांची बहीण मोकळी होते आणि तिला शाळेत बसवता येतं.

उसाचा गळीत हंगाम सुरू व्हायला अजून अवधी आहे. या सभागृहात साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांवर असलेले काही जण बसले आहेत, ग्रामपंचायतींचे सदस्य आहेत, अंगणवाडी पर्यवेक्षिका आहेत. कुठल्या गावाजवळ यंदा किती टोळ्या उतरणार हे टोळ्या आणणाऱ्या मुकादमांना आगाऊ उचल देतानाच कळलेलं असतं. त्यांच्याबरोबर दोन वर्षांखालची बाळं किती येणार, हा एक रकाना त्याच वेळी भरून घ्या आणि ती यादी त्या गावच्या अंगणवाडीत टोळीच्या आधी पोचवा. हे पुढच्या महिन्यात करता येण्यासारखं आहे. व्याख्यानानंतर मी इथेच थांबणार आहे. ज्यांना या कामात उतरायचं आहे त्यांनी मला भेटावं.